फुकट काढलेला पोचा

त्या रस्त्यावर सगळे त्यांना सपाटराव म्हणत. खरं नाव बायकोला आणि विजेच्या बिलाला तेवढं ठाऊक. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाक्यांचे पोचे काढायचं. दुसरं काही धड येत नव्हतं. घरातला नळ गळायला लागला की बायको नळवाल्याला बोलवायची आणि यांना बाहेर जाऊन बसायला सांगायची. पण टाकी समोर आली की गोष्ट वेगळी. डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि सांगायचे, ही खांबाला घासली, ही पायऱ्यांवरून पडली, हिला कुणीतरी रागाने लाथ घातली. शेवटचं ऐकून गिऱ्हाईक बऱ्याचदा दुसरीकडे बघायला लागायचं.

खोड एकच होती. सांगितलेला पोचा काढून थांबायचं त्यांना जमत नसे. शेजारी एखादा बारीकसा खळगा दिसला की हात शिवशिवायचे. तोही काढून टाकायचे आणि वर त्याचे काही घ्यायचे नाहीत. "तो आपला असाच काढून दिला," हे सांगताना चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, जणू बुडणारा माणूसच यांनी बाहेर ओढला. लोकही खूश व्हायचे. फुकटात मिळालेल्या गोष्टीबद्दल कोण तक्रार करणार? चाळीस वर्षांत एकानेही केली नव्हती, आणि तिथेच घात झाला.

त्या बाई आल्या तेव्हा टाकी जुन्या चादरीत गुंडाळून पोटाशी धरलेली होती. पन्नाशीच्या असतील. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत होत्या. बोटांच्या टोकांना काचेची पांढरी भुकटी लागलेली होती. सपाटरावांना त्या पाहताक्षणी आवडल्या, कारण टाकी त्यांनी टेबलावर टेकवली ती आवाज न करता.

"उजव्या बाजूला पोचा आहे," बाई म्हणाल्या. "तेवढाच काढायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"कशाने आला?"

"वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून चालले होते. जिन्यात त्यांच्या हातून कपाट सुटलं, ते थेट अंगणात, उभ्या गाडीवर."

"गाडी चालवतं कोण?"

"कुणी नाही. आमच्या ह्यांची होती. दोन वर्षं झाली ते जाऊन."

जी गाडी कुणी चालवतच नाही तिच्या टाकीला पोचा राहिला तर बिघडलं कुठे, असं शहाणा कारागीर विचारत नाही. सपाटरावांनी विचारलं.

"आवाज बसलाय तिचा," बाई म्हणाल्या. घरातल्या कुणाला सर्दी झाली असावी, इतक्या सहज त्या हे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सपाटरावांनी टाकी धुतली, पेट्रोलचा वास जाईपर्यंत साबणाच्या पाण्याने खळबळली, मग वर तोंडापर्यंत पाणी भरून ठेवली. आत वाफ राहिली आणि जवळ जाळ नेला की टाकीचा बॉम्ब होतो, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. उजव्या पोच्यावर बारीक पिना डाग देऊन चिकटवून त्यांनी पत्रा हळूहळू बाहेर ओढला, ठोकून बसवला, घासला, खाचाखोचांत लांबीचं लुकण भरलं, पुन्हा घासला. दोन दिवस गेले. उजवी बाजू अशी झाली की त्यांनाच कळेना पोचा कुठे होता.

तिसऱ्या दिवशी रंग मारायच्या आधी त्यांनी सवयीने सगळ्या टाकीवरून हात फिरवला. झाकणाच्या डाव्या अंगाला बोट अडखळलं. तिथे एक खळगा होता, शर्टाच्या बटणाएवढा, उथळ. त्याच्यावरचा रंग उडून आतला पत्रा चकचकीत झाला होता. त्यांनी डोळे मिटले. कशाने आला असेल? आपटल्याचा नव्हता, पडल्याचा नव्हता. रागाचा तर नव्हताच. एवढ्या टाक्या हाताखालून गेल्या, पण असला मऊ खळगा त्यांनी पाहिला नव्हता. कुणीतरी लाडाने पाडल्यासारखा.

बाईंनी काय बजावलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. विसरले असते तर त्यांना माफ तरी करता आलं असतं. पण रंग ताजा मारायचा आणि त्यात तो खळगा तसाच ठेवायचा, या विचारानेच त्यांना घास गोड लागेना. झाकणाच्या तोंडातून वाकडी सळई आत घालायची, खालून दोन दाब द्यायचे, वरून ठोकळा धरायचा. पाच मिनिटांचं काम. त्यांनी ते केलं आणि वर शीळ घातली.

बाई टाकी न्यायला आल्या त्या चष्म्याच्या दुकानातून घाईघाईने सुटून आल्या होत्या. उजवी बाजू बघितली, मान हलवली, चादर गुंडाळली. सपाटरावांनी हसत सांगितलं, "झाकणाजवळ एक बारीक होता, तो आपला असाच काढून दिला." पण तेवढ्यात शेजारच्या गॅरेजात कुणीतरी इंजिन चालू केलं आणि ते वाक्य त्यात बुडून गेलं. परत सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या, रिकाम्या हातांनी. सपाटरावांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तो का काढलात?"

"कोणता?"

"झाकणाजवळचा."

"अहो, फुकट काढला," सपाटराव म्हणाले.

मग बाईंनी सांगितलं. त्यांचे यजमान मीटर तपासायला घरोघर फिरायचे आणि रोज संध्याकाळी सव्वासातला घरी यायचे. शेजारी एक म्हातारी आजारी असायची म्हणून हॉर्न वाजवायचे नाहीत. गाडी स्टँडवर लावायची, अंगठीने टाकीवर दोनदा वाजवायचं. टुक, मध्ये एक श्वास, टुक. मग बाई दार उघडायच्या. नऊ वर्षं ती गाडी होती, नऊ वर्षं रोज. तो खळगा त्याचा होता. मग एक दिवस ते ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

"तिसऱ्या आठवड्यात परत वाजलं," बाई म्हणाल्या. "सव्वासातला. मी दार उघडलं. दिसलं कुणी नाही. पण पायपुसणं दबलं, आणि आतली त्यांची खुर्ची करकरली. तेव्हापासून रोज. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक डॉक्टरकडे घेऊन जाणार. मला बरं व्हायचं नव्हतं. कपाट पडल्यापासून आवाज घोगरा झाला होता, म्हणून तुमच्याकडे आणली. आता चार दिवस झाले, वाजतच नाही. मी दार उघडून बघते. अंगण रिकामं."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर सपाटरावांना सोपं गेलं असतं. त्यांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. तरी तो खळगा त्यांच्या बोटाला आठवत होता. आपण बाईंच्या घरातून माणूस काढून टाकला, तोही फुकट, हे त्यांना लख्ख कळलं.

"परत पाडून देतो," ते म्हणाले.

बोलायला सोपं होतं. जन्मभर पोचे काढलेल्या माणसाने कधी पोचा पाडला नव्हता. त्यांनी आधी एका भंगारातल्या टाकीवर हातोडीने खळगा पाडून पाहिला. मापाला बरोबर आला, पण बोटाने वाजवलं तर आवाज पत्र्याच्या डब्याचा. बाई जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकून गेल्या आणि नुसती मान हलवली. एका घावाचा खळगा आणि नऊ वर्षांचा खळगा, यांचा आवाज एक कसा येईल? दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदात गुंडाळलेली अंगठी आणली. दवाखान्यातून कपड्यांच्या पिशवीत घालून परत मिळाली होती. साधी, स्टीलची, जाड. सपाटरावांच्या मधल्या बोटात ती सहज गेली.

मग त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, टाकी मांडीवर घेतली आणि वाजवायला बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इतर टाक्या रांगेत पडून राहिल्या, गिऱ्हाइकं बडबडून गेली. बायको डबा द्यायला आली तेव्हा टाकी थोपटत बसलेला नवरा बघून म्हणाली, "निजवताय का तिला?" त्यांनी काय ते सांगितलं. ती हसायची थांबली आणि म्हणाली, "नसती उठाठेव. पण आता केलीच आहे तर नीट निस्तरा."

बाई रोज दुपारी यायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. "अजून वरचा आहे." दुसऱ्या दिवशी, "अजून जरा." रंग उडाला, पत्रा उघडा पडला, खाली बसू लागला. सपाटरावांच्या बोटाला घट्टा पडला. आठव्या दिवशी टाकीतून खोल, मऊ आवाज आला. बाईंनी डोळे उघडले नाहीत. खालचा ओठ तेवढा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "हा." त्याच दुपारी सपाटरावांनी स्वतः त्यांच्या अंगणात जाऊन टाकी गाडीवर चढवली, बोल्ट आवळले आणि अंगठी परत केली.

त्या संध्याकाळी ते घरी जेवायला बसले. आठ दिवसांनी भूक लागली होती. बायको समोर बसून कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती. सपाटरावांनी घास उचलला आणि पुढच्या क्षणी ते अंगणात होते.

बाईंच्या अंगणात. वरचा पिवळा दिवा लागलेला, दोरीवर वाळत घातलेले दोन टॉवेल, गाडी स्टँडवर. त्यांना सगळं दिसत होतं, फक्त स्वतःचा हात दिसत नव्हता. हात मात्र होता, कारण तो उचलला गेला आणि टाकीवर दोनदा वाजला. दार उघडलं. बाई उंबऱ्यात आल्या. चेहरा असा फुललेला की सपाटरावांना पळून जावंसं वाटलं. बाईंनी अंगणभर पाहिलं, त्यांच्यातून आरपार पाहिलं, आणि हळूहळू तो चेहरा मिटत गेला. तरी त्या दार धरून उभ्या राहिल्या. मग तोंडावर पाणी बसलं आणि सपाटराव आपल्या स्वयंपाकघरात होते. समोर बायको रिकामा पेला घेऊन उभी होती.

"किती हाका मारल्या! डोळे उघडे, घास हातात, आणि माणूस जागेवर नाही. काय होतंय तुम्हाला?"

"डुलकी लागली," सपाटराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, हेही ती जाणून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या घरी आल्या. बायकोने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"वाजतंय," त्या म्हणाल्या. "पण ते नाहीत. तुम्ही आहात."

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली. "सव्वासातला हे माझ्या समोर जेवत..." आणि मध्येच थांबली. तिची नजर त्या पेल्याकडे गेली.

"आमचे हे दोन्ही टोले सारखे वाजवायचे. मध्ये श्वास," बाई म्हणाल्या. "काल पहिला जड वाजला आणि लगेच दुसरा हलका. हातोडी मारून उसळू देतात ना, तसा. तशी सवय कुणाला असते?"

सपाटरावांनी मान खाली घातली. लहानपणापासून हात तसाच पडत आला होता. एक घाव कामावर, एक उसळीचा. आठ दिवस अंगठीने वाजवतानाही तो तसाच पडला असणार. त्या माणसाचा नऊ वर्षांचा खळगा त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा करून टाकला होता.

"मी दार उघडलं तर तुम्ही आत आला नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "पायपुसण्याच्या पलीकडेच उभे राहिलात. कामाला आलेला माणूस राहतो तसे."

"मी दिसलो तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवं? आपलं माणूस नाही, एवढं कळतं."

बायको दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. ती एरवी कुणाच्या बापाला घाबरत नसे, पण आवाज बारीक झाला होता. "बाई, आज दार उघडू नका. तुमच्या पाया पडते. उघडलंत आणि हे आत आले, तर परत येतील न येतील."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही उघडत."

त्या संध्याकाळी बायकोने जेवण केलंच नाही. सहा वाजल्यापासून नवऱ्याला खाटेवर बसवून त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. "बघते कसे जाता ते." सपाटरावांना तिचे हात उबदार लागत होते. घड्याळाचा काटा सव्वासातवर आला, आणि हातांतली ऊब तेवढी मागे राहिली.

अंगण. दिवा. टॉवेल आज नव्हते. हात उठला, जड वाजला, हलका वाजला. दार बंद. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता आणि त्यात बाईंच्या दोन पावलांची सावली पडली होती. त्या आत दाराला लागूनच उभ्या होत्या. उघडत नव्हत्या. शब्द दिला होता ना.

तेवढ्यात सपाटरावांच्या मागे कुणीतरी खाकरलं.

त्यांना मागे वळता येईना. पण मागे माणूस होता, यात शंका नव्हती. दिवसभर उन्हात फिरून आलेल्या शर्टाचा वास होता. दमून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकल्याची चप्पल वाजली. तो माणूस थोडा थांबला. घाई केलेली त्याला आवडत नसावी. मग त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "जरा सरकता का?"

सपाटरावांना एकदम सगळं समजलं. हा माणूस गेलाच नव्हता. रोज येत होता. आधी गुळगुळीत टाकीवर वाजवायला त्याला त्याची जागा सापडत नव्हती, आणि आता जागा होती तर तिच्यापुढे हे उभे होते. त्यांना शरम वाटली, इतकी की जन्मात वाटली नव्हती. ते मनापासून सरकायला गेले. पण सरकायला पाय लागतात, आणि पाय तर घरी खाटेखाली, रबरी चपलांत होते.

"रोजचंच झालंय," मागचा माणूस हळूच पुटपुटला. रागाने नाही. रांगेत उभा राहून कंटाळलेला माणूस बोलतो तसा.

घरी परत आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हात चोळत ऐकत होती. ते म्हणाले, "परत काढून टाकतो तो खळगा. मी सुटेन."

"आणि तो?"

"त्याला वाजवता येणार नाही."

"आणि ती दारात उभी राहणार," बायको म्हणाली. "तुम्ही सुटायचं बघू नका. पाय लागतात ना सरकायला? मग पाय घेऊन जा."

कधीकधी त्यांना वाटे की दुकानात आपल्या जागी हीच बसली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी सातलाच दोघं बाईंच्या अंगणात पोचले. सपाटरावांनी बाईंना दाराबाहेरूनच सांगितलं, "आज उघडा. पण पहिलं दोनदा वाजेल तेव्हा नाही. परत दोनदा वाजेल तेव्हा." बाई दार लावून आत गेल्या. बायको फाटकाजवळ थांबली. सपाटराव गाडीपाशी उभे राहिले, चपला घट्ट रोवून. सव्वासात झाले. त्यांचा हात त्यांना न विचारता उठला आणि टाकीवर पडला. जड, हलका. यावेळी हात त्यांना दिसत होता, आणि हाताखाली पायही होते. ते दोन पावलं मागे सरले, मग आणखी एक, वाळत घालायच्या दोरीपर्यंत.

अंगणात काही हललं नाही. फाटकाजवळ बायकोने पदर तोंडाशी धरला. मग शर्टाचा तो वास सपाटरावांच्या नाकावरून गेला, अगदी जवळून, गर्दीत कुणी अंग चोरून पुढे जावं तसा. "आभारी आहे," असं काहीतरी कानाशी पुटपुटलं.

टुक.

एक श्वास गेला. तो सपाटरावांचा नव्हता. त्यांचा छातीत अडकला होता.

टुक.

दार उघडलं. बाईंनी सपाटरावांकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. त्यांची नजर पायपुसण्याच्या जरा वर, एका उंच माणसाच्या चेहऱ्याच्या जागी थांबली. पायपुसणं दबलं. "किती दिवस लावलेत," बाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम फाटला. त्या बाजूला झाल्या, कुणाला तरी आत येऊ दिलं आणि दार लावून घेतलं. आतून खुर्ची करकरल्याचा आवाज बाहेर उभ्या दोघांनीही ऐकला.

तेव्हापासून सपाटराव रोज जातात. खळगा त्यांच्या हाताचा आहे, तेव्हा सव्वासातला टाकीपाशी त्यांना ओढलं जाणारच. म्हणून पायांसकट जायचं, वाजवायचं आणि सरकायचं. ताप असला तरी जायचं. एकदा पाय मुरगळला तेव्हा काठी टेकत गेले. दुकान साडेसहाला बंद होतं हे गिऱ्हाइकांनाही कळून चुकलं. बाई त्यांच्याशी बोलत नाहीत, पण कधीतरी फाटकाच्या खांबावर त्यांच्यासाठी चहाचा कप झाकून ठेवलेला असतो. दुकानातल्या खोडीचं म्हणाल तर तिला कानाला खडा. सांगितलेला पोचा काढतात आणि हात मागे घेतात. एखाद्या टाकीवर अंगठ्याएवढा खळगा दिसला की गिऱ्हाइकाला विचारतात, "हा तुमचा आहे का?" गिऱ्हाईक त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतं.

वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी ते अंगणातून परत आले, हात धुतले, जेवायला बसले. आताशा त्यांना दम लागायचा. जिना चढताना दोनदा थांबले होते, ते बायकोने आतून ऐकलं होतं. ती वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"एक विचारू?"

"विचार की."

"आज पाय आहेत म्हणून सरकता. तुम्ही गेल्यावर हो?"

"गेल्यावर काय?"

"गेल्यावर सव्वासातला तुम्ही कुठे येणार?"

तिने त्यांच्या ताटात वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं, आणि समोर बसली. डोळे भरून आले होते, पण ती त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"मी इथे दोन ताटं वाढून बसणार," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिच्या अंगणात जाऊन उभे राहणार. ना तुम्हाला कुणी आत घेणार, ना त्या बिचाऱ्याला आत जाता येणार. आणि माझ्या दारावर कुणी वाजवणारच नाही."

सपाटराव हातातला घास तसाच धरून बसले. घड्याळात आठ वाजत होते. अजून तरी ते घरीच होते.